ईलीचा दुसरा जबाब

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. तू, वहिनी आणि अनिका मजेत असाल. इथे बर्फ अजून हटलेला नाही. माझी रूममेट नैना मॉरिसव्हिलला आईबाबांकडे जाऊन आली, येताना ज्वारीचं पीठ घेऊन आली. त्यामुळे दोन दिवस भाकरी चालू आहे. पहिल्या चार तव्यावर टाकतानाच मोडल्या, त्याही खाल्ल्या.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी गावाचं नाव काढलं की तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून हे लिहून पाठवते. पूर्ण वाच, मग राग धर.

माझं काम नेमकं काय आहे हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आधी ते सांगते. पदावर असताना किंवा निवडणुकीला उभे असताना ज्यांची हत्या झाली, अशा अमेरिकन राजकारण्यांची आम्ही यादी करतोय. राष्ट्राध्यक्षांबद्दल कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो खालच्या लोकांवर. काउंटीचा खजिनदार, खेड्याचा मेयर, ज्यांची नावं त्यांच्या गावाबाहेर कुणाला माहीत नव्हती. एक मेयर पत्त्यांच्या डावात मारला गेला, तो यादीत नाही. नियम एकच, मरण पदामुळे आलेलं असलं पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे सायलस बॅनरमनची फाइल आली. गुलामीतून सुटलेला माणूस, दक्षिणेतल्या एका काउंटीत निवडून येऊन कमिशनर झाला. १८७१च्या वसंतात त्याच्याच ओसरीवर त्याला गोळ्या घातल्या. चौकशीच्या कागदावर लिहिलंय, डुकराच्या मालकीवरून खाजगी भांडण. ज्यांनी तो कागद लिहिला त्यातले तिघे निवडणुकीत त्याच्याकडून हरलेले होते. आणि खाली साक्षीदार म्हणून सहीच्या जागी एक फुली आहे. ती त्याच्या मुलाची, ईलीची.

आमच्या प्रोफेसर हॅलोरन म्हणाल्या, हे नाव वगळू. वाईट बाई नाहीत त्या, कामात चोख आहेत. म्हणाल्या, "मोनाली, त्याचा स्वतःचा मुलगा सांगतोय की भांडण डुकरावरून झालं. याच्यापुढे आपण काय म्हणणार?"

दादा, मी मीटिंगमध्ये कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला. मी म्हणाले, "मुलगा एकोणीस वर्षांचा होता. घरात दोन लहान बहिणी होत्या. बाप मारणारे समोर बसून त्याच्याकडून वदवून घेत होते. याला तुम्ही पुरावा म्हणणार असाल तर माझं नाव या प्रकल्पातून काढा."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुझा संताप मला पटतो, पण तो तळटीपेत घालता येत नाही. दुसरं काही असेल तर आण.

दोन महिने मी तेच केलं. जनगणनेत ईलीचा माग काढला. खून झाल्यावर वर्षभरात तो बहिणींना घेऊन कॅन्ससला गेला होता. तिथल्या एका छोट्या चर्चला मी मेल केले, फोन केले, पुन्हा मेल केले. जानेवारीत त्यांनी जुन्या कागदांचे स्कॅन पाठवले. त्यात ईलीचं एक पत्र होतं, १९०४चं. तोवर तो लिहायला शिकला होता. त्यानं लिहिलंय: माझ्या वडिलांनी शाळेसाठी कर बसवला म्हणून त्यांना मारलं. मी तेव्हा दुसरं सांगितलं कारण मला बहिणींना जिवंत ठेवायचं होतं. आता त्या दोघी नातवंडांत आहेत. आता मी खरं सांगतो.

खाली मारणाऱ्यांची चार नावं.

हॅलोरनबाईंनी ते दोनदा वाचलं. मग नियमच बदलला. दहशतीखाली दिलेल्या जबाबावरून कुणाचंही नाव वगळायचं नाही. त्या एका ओळीनं आणखी अकरा माणसं यादीत परत आली. नैनाही याच प्रकल्पात आहे, डेटा ती भरते. तिनं सायलसच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात 'पदामुळे हत्या' टाइप केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ओके, हू वॉज इट फॉर यू?"

मी सांगितलं, माझी आई. सरपंच होती. तिचा खून झाला.

सोळा वर्षं मी 'आई वारली' म्हणत आलेय. 'खून' हा शब्द तिच्याबद्दल पहिल्यांदा उच्चारला, तोही इंग्रजीत, आणि या देशात जन्मलेल्या मुलीपुढे.

तुला वाटत असेल मी लहान होते, मला आठवत नसेल. मी तेरा वर्षांची होते. ग्रामसभा होती. गायरान आधीच्या सरपंचाच्या माणसांच्या नावे करायच्या ठरावावर आईनं सही नाकारली. मी तिचा चष्मा द्यायला गेले होते, पंचायतीच्या पायऱ्यांखाली उभी होते. काठी पहिल्यांदा कुणी उचलली ते मी पाहिलं. त्याचं नाव मला माहीत आहे. आई खाली पडल्यावर तो काय म्हणाला तेही ऐकलं. म्हणाला, "कर आता सही."

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात ती गेली. आणि कागदावर आलं, सार्वजनिक नळावर बायकांचं भांडण, ढकलाढकलीत डोक्याला मार. खाली सही तुझी.

बाबा आधीच गेलेले. तू एकवीस वर्षांचा. आठवड्याभरात तू मला नागपूरला मावशीकडे पोचवलंस आणि स्वतः गावात राहिलास, त्याच माणसांच्या समोरून रोज जात. त्या सहीबद्दल तुला माफ करते असं लिहायला बसले होते. लिहिलं नाही, कारण त्या सहीमुळे मी जगले. माफ करणारी मी कोण? तेव्हाची तुझी भीती मला पूर्ण कळते, दादा. आताची कळत नाही. बारा वर्षं तू प्लेनोत आहेस. या देशाचा नागरिक आहेस. तिथं कोण येणार आहे काठी घेऊन?

मागच्या महिन्यात अनिकानं फोन केला होता, तुला तिनं सांगितलं नसेल. शाळेत आजी-आजोबांवर काही लिहायचं होतं. म्हणाली, "आत्या, वॉज आजी लाइक अ मेयर? डॅड सेज शी फेल डाउन." मी म्हणाले, नंतर सांगते. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षांच्या पोरीशी मी तेच केलं जे त्या कागदानं आपल्याशी केलं.

म्हणून आता ठरवलंय ते सांगते. तुला विचारत नाही, सांगतेय. मेमध्ये सेमिस्टर संपलं की मी गावी जातेय. तिकीट काढलं. जिल्ह्याला ॲडव्होकेट धम्मदीप आहेत, त्यांनी फेरतपासाचा अर्ज तयार केलाय. मी शपथेवर जबाब देणार. गावात रामभाऊकाकांना कळलं, त्यांचा फोन आला. म्हणाले, पोरी, पंचायत अजून त्यांच्याच हातात आहे, कशाला उकरून काढतेस? मी म्हणाले, काका, अजून त्यांच्याच हातात आहे म्हणूनच.

वकील म्हणाले, समोरची बाजू सगळ्यात आधी तुझा जुना जबाब वाचून दाखवेल. मुलगाच असं म्हणतो, मग मुलगी सोळा वर्षांनी कुठून उगवली, असं विचारतील. विचारू देत. उत्तर माझ्याकडे आहे आणि ते सगळ्यांदेखत द्यायची माझी तयारी आहे. तू नवा जबाब दिलास तर आईच्या बाजूनं दोन होतील. नाही दिलास तरी एक असेलच, आणि तो मी मागे घेणार नाही, तू रडलास तरी नाही.

वहिनीला नमस्कार. अनिकाला मी पुढच्या रविवारी फोन करून सगळं खरं सांगणार आहे. त्याआधी तू सांगितलंस तर मला बरं वाटेल. तिनं ते तिच्या बापाकडून ऐकावं.

सरपंच सुजाताबाई खिल्लारे यांची मुलगी,
आणि तुझी बहीण,
मोनाली