गाजरगोळ्या आणि बारा पिवळे पुतळे

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे. आई स्वयंपाकघरात भांड्यांशी भांडते आहे आणि माझा रक्तदाब माझ्या वयाला शोभेल इतकाच आहे. आठवड्यातून तीनदा फोन होत असताना हा माणूस कागद कशाला खरडतोय, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून आता एका दमात लिहून टाकतो: तू पाठवतेस त्या गाजरगोळ्या यापुढे पाठवू नकोस. मी त्या बंद केल्या आहेत, आणि का बंद केल्या हे ऐकल्यावर तू माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवशील की नाही, याची मला खरोखर धास्ती वाटते. माझं अक्षर तुला कधीच लागलं नाही. माझी पत्रं जावईबापू मोठ्याने वाचतात आणि तू ऐकतेस, हे मला ठाऊक आहे. त्यांना म्हणावं, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका.

गोळ्यांना मी नावं ठेवत नाही हं. कामावर माझे डोळे दमतात म्हणून तू पहिली बाटली पाठवलीस. सोबत चिठ्ठी होती: गाजराला जो रंग असतो तोच यात आहे, शरीर त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतं, नजरेला चांगलं, कातडीला चांगलं, रोज नाश्त्यानंतर एक. ती चिठ्ठी अजून आरशाच्या कडेला खोचलेली आहे. गोळी उजेडात धरली की आतून नारिंगी चमकायची. जन्मभर रंग कालवणारा माणूस मी, आता तो खायलाही मिळतोय म्हटल्यावर खूशच झालो. शिवाय दर फोनला तुझं पहिलं वाक्य, गोळी घेतलीत का. लहानपणी मी पाजलेलं औषध तू गालात धरून बसायचीस आणि माझी पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकायचीस. तीच पोर आता माझ्यावर पाळत ठेवते, याचं मला फार सुख वाटायचं. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, आता जावईबापूंनाही सुरू केली, सकाळी दोघं मिळून घेतो. मी नुसतंच वा वा म्हणालो.

आता पुतळ्यांची गंमत ऐक. दुकानांच्या काचेत उभे असतात त्या पुतळ्यांच्या कातडीचा रंग मी कधी तक्त्यावरून जुळवला नाही, हे तुला माहीत आहे. डाव्या तळहाताच्या मधोमध रंगाचा थेंब टाकायचा, तो तिथे दिसेनासा झाला की रंग जमला. शाळेला सुट्टी असली की तू कारखान्यात यायचीस आणि ते थेंब ओल्या फडक्याने पुसायचीस. तर एका कपड्यांच्या दुकानाने बारा पुतळे दुरुस्तीला पाठवले. मी ते नेहमीसारखे रंगवले, वाळवले, पोचते केले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला, की तुमची माणसं आजारी दिसतात हो, गिऱ्हाइकं विचारतायत यांना कावीळ झाली का. मी आणि भागीदार धावत गेलो. काचेमागे पांढरेशुभ्र कपडे घालून बारा जण ऐटीत उभे होते आणि बाराही पिकल्या पपईसारखे पिवळे. भागीदाराने एका पुतळ्याचा हात धरला, मग माझा हात धरला आणि दोन्ही शेजारी ठेवले. रंग तंतोतंत एक होता. तीस वर्षांत माझ्या हातून इतकं अचूक काम झालं नव्हतं.

तुझी आई मला त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटेत तिने मला पथ्याचं जेवण किती दिवस घालायचं तेही ठरवून टाकलं. बाईंनी डोळे पाहिले, ते पांढरेच होते. तळहात पाहिले, तळपाय पाहिले आणि हसून विचारलं, गाजरं किती खाता. आईने पिशवीतून तुझी बाटली काढली. रोज किती, असं विचारल्यावर मी हळूच म्हणालो, चार. आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस. बाई म्हणाल्या, ही कावीळ नाही, गोळ्या थांबवा, दोनतीन महिन्यांत रंग आपोआप उतरेल. मी उठायला लागलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, सिगारेट ओढता का. मी म्हणालो, छे. आणि शेजारून तुझी आई अगदी शांतपणे म्हणाली, दिवसाला चार, सुट्टीच्या दिवशी पाच.

भिंगरी, तुझ्या लग्नाच्या आधी मी माझं सिगारेटचं पाकीट तुझ्या हातात दिलं होतं आणि तू ते कचऱ्यात टाकून रडली होतीस. तेव्हा दिलेला शब्द मी सहा महिने पाळला. नंतरची साडेआठ वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, माझे शर्ट तीच धुते. आणि चार गोळ्या का, तर एका सिगारेटला एक गोळी असा माझा हिशोब होता. इकडे ओढायची, तिकडे गिळायची, फिटंफाट. बाटली लवकर संपते, कारण भागीदारही घेतो, अशी थाप मारून मी तुझ्याकडून दोन-दोन बाटल्या मागवत होतो. बाईंनी मला समोर बसवून समजावलं, की जेवणातलं गाजर खुशाल खा, पण ओढणाऱ्या माणसाने या द्रव्याच्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. अशा लोकांना भरपूर मात्रा देऊन पाहिली तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. तू प्रेमाने पाठवत होतीस आणि मी तेच स्वतःच्या विरुद्ध वापरत होतो. मला खूप लाज वाटली गं.

आज सव्विसावा दिवस. एकही ओढलेली नाही. लवंगा चघळून जीभ बधिर झाली आहे आणि चिडचिड इतकी होते की भागीदार माझ्याशी खुणांनी बोलतो. पुतळे परत आणून पुन्हा रंगवले. माझा हात कामाचा नाही, म्हणून तुझी आई दोन दिवस कारखान्यात तळहात पसरून बसली आणि दर थेंबाला गार लागतंय म्हणून कुरकुरली. बाराही जण आता तिच्या रंगाचे आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, असे गोड पुतळे आमच्याकडे कधीच नव्हते. हे आईला सांगू नकोस, आधीच ती हवेत आहे.

माझी कबुली मी खरं तर तुमच्या पुढच्या भेटीपर्यंत ढकलली असती, इतका मी भित्रा आहे. पण जावईबापूंनाही गोळी सुरू केल्याचं तू सांगितलंस आणि माझा नाइलाज झाला. तर जावईबापू, इथवर वाचलंत, आता थांबू नका. इथे आलात की आपण दोघं पुतळे बघायला म्हणून कारखान्याच्या मागच्या अंगणात जायचो आणि बिनडोक्याच्या पुतळ्यांच्या आडोशाला उभे राहून एकेक सिगारेट ओढायचो. माझ्या तोंडून हिला काही कळणार नाही, असा शब्द मी तुम्हाला तिथे दिला होता. तो मी पाळला आहे. हे आत्ता तिने ऐकलं ते तुमच्याच तोंडून. उद्यापासून ती गोळी घेऊ नका, आणि खिशातलं पाकीट तिच्या हातात द्या. भिंगरी, काय ओरडायचं ते फोन करून मला ओरड, मी दिवसभर घरीच आहे. त्यांना आधी घोटभर पाणी दे. पत्राच्या पाकिटात लवंगांची पुडी ठेवली आहे, ती त्यांच्यासाठी.

तुझाच, हळूहळू मूळ रंगावर येत असलेला,
बाबा