मागच्या दाराचा कोनाडा

जुना जालना, रविवार

तीर्थरूप आईला नागसेनचा जयभीम.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राह्यलो. मोनालीला वाचून दाखवायला सांग. तुझा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का?

बँकेच्या ट्रेनिंगला आलो तर राहायची सोय मस्तगडच्या हवेलीत केलेली निघाली. तीच, जिथं लहानपणी तू आजोबांसंगं सरपण घेऊन यायचीस. आता इथं पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतात. दुरुस्ती बराबर केली आहे. गादी मऊ, जेवण तिखट. काळजीसारखं काही न्हाई.

मी पुढच्या दारानं आत आलो. मंग तुम्ही ज्यानं यायचे, ते मागचं दार पाहून आलो. चहा झाल्यावर आजोबा आपली वेगळी कपबशी धुऊन ज्या कोनाड्यात पालथी ठेवायचे, तो अजून आहे. त्यात फुलदाणी ठेवली आहे.

काल चहा पिऊन मी उठलो, नळावर कप धुतला अन् पालथा ठेवला. तूच लावलेली सवय. इथं काम करणाऱ्या प्रेमलाबाई म्हणाल्या, "सर, पाव्हण्यानं कप धुवायचा नसतो."

आज उष्टा कप टेबलावर तसाच ठेवला. दारापर्यंत जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

मोनालीकडं तू अजून आपला कप आपणच धुतीस का? धुऊ नको म्हणत न्हाई. नुसतं विचारून राह्यलो.

तुझा,
नागसेन