शाईचा नफा कुणाचा

तीर्थरूप मामांना मान खाली घालून नमस्कार. (वर करायला या वेळी तोंड नाही.) तुमचा खोकला थांबला असेल आणि मामींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. तुमचा थोरला, म्हणजे आमचा दादा, घरी बसून आहे हे तुम्ही रोज बघताच; त्याला घरी बसवणारा मी, हे मात्र त्याने तुम्हाला सांगितलं नसणार. तो तसाच आहे.

झालं असं, की आमच्या डिजिटल छपाईची मशिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांनी मला (ज्याला हिशेब विभागात दादानेच चिकटवलं) प्रत्येक विभागाचा ऑपरेटिंग प्रॉफिट वेगळा मांडायला सांगितलं. म्हणजे कर्जाचं व्याज नि कर बाजूला ठेवून नुसत्या धंद्यातून काय सुटतं ते. पंधरा दिवस मी जेवतानासुद्धा आकडे पुटपुटत होतो. निघालं ते असं: मशिनं विकून जेमतेम खर्च निघतो, शाई विकून रग्गड सुटतं आणि दादाचा दुरुस्ती विभाग पार तोट्यात. (त्यात मी पगार, व्हॅनचं डिझेल आणि दादा गिऱ्हाइकांकडे पितो तो चहासुद्धा धरला होता, तो त्याला फुकट मिळतो हे मागाहून कळलं.) मालक खूश झाले. दुरुस्ती बंद, दादा घरी. माझी पाठ थोपटली गेली आणि खरं सांगतो मामा, मला ते आवडलं.

दुसऱ्याच महिन्यात शाईचा खप निम्म्यावर आला. मालकांनी शाई बनवणाऱ्यांना दोन दिवस फैलावर घेतलं. (बिचाऱ्यांनी शाई नेहमीसारखीच बनवली होती.) शेवटी मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या दुकानात गेलो. मशीन चादर टाकून झाकलेलं, वर दोन कुंड्या. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तुमचे दादा दर पंधरा दिवसांनी येऊन मशीनचं शाई फवारणारं हेड पुसून द्यायचे. जाताना बाटल्या हलवून बघायचे नि शाईची ऑर्डर स्वतःच लिहून न्यायचे. आता हेड सुकलंय, शाई घेऊन काय करू?" म्हणजे शाईचा नफा दादाच्या फडक्यातून येत होता आणि मी तो शाईच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. मला भर रस्त्यात रडू आलं. (हातात बिलबुक होतं, म्हणून कुणी कारण विचारलं नाही.)

मालकांपुढे सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "बोलवा त्यांना." पण दादा माझा फोन उचलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
आकडेवाला भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण हेच, की दादाला तेवढं सोमवारी कामावर धाडा. पगार पूर्वीचाच, वर नवी व्हॅन. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

ता. क. २. एक माणूस परत घ्यायचा तर एक कमी करा, असं मालकांचं म्हणणं पडलं. म्हणून मी पुन्हा तक्ता मांडला. हिशेब विभाग काहीच विकत नाही, तेव्हा कोण ते लगेच निघालं. हे दादाला मंगळवारपर्यंत कळू देऊ नका. नाहीतर तो सोमवारी यायचा नाही.