मशीनच्या पाण्यातले जिवाणू

४ मार्च
आज लॅबमध्ये तपासलेल्या सगळ्यांच्याच रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम चढं. त्यात ताईचंही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली, तरी तिच्या डॉक्टरांना लगेच तो हाडांत पसरल्याची शंका. स्कॅन सांगितलाय. मला शंका मशीनच्या पाण्याची. पाण्यात जिवाणू वाढले की हेच एन्झाइम त्यांच्यातूनही येतं, आकडे फुगतात. हे तंत्रज्ञ म्हणून सुचलं की बहीण म्हणून? सांगता येत नाही.

५ मार्च
सरांना म्हटलं, मशीन बंद करू या.
"बहिणीच्या रिपोर्टसाठी?"
"तो नसता तर कदाचित उद्या म्हटलं असतं."
हसले. "करा बंद."
आजपासूनचे सगळे नमुने दुसऱ्या लॅबला. वरच्यांची बोलणी सरांनी एकट्याने खाल्ली. असा साहेब मिळायला नशीब लागतं.
ताई मात्र दुसरीकडे जायला तयार नाही — "तुझं मशीन नीट कर, मग टोच." मी आग्रह धरायला हवा होता. धरला नाही. मलाही थांबायचंच होतं.

७ मार्च
सापडलं! मशीनच्या शुद्ध पाण्याच्या लाइनवर बाटल्या भरायला नळ आहे, त्याची नळी. दर महिन्याला सगळी लाइन निर्जंतुक करताना तिचा व्हॉल्व्ह आम्ही बंद ठेवायचो — कुणी चुकून जंतुनाशक औषधाचं पाणी भरून नेऊ नये म्हणून. त्यामुळे औषध सगळीकडे फिरायचं, तेवढी नळी सोडून. काळजीनेच घात केला. मशीनच्या कंपनीच्या इंजिनिअरने आत बोट फिरवलं. बुळबुळीत. "मॅडम, यांनी तर संसार थाटलाय. पोराबाळांसकट."
नळी बदलली. व्हॉल्व्ह उघडा ठेवून लाइन धुतली. चहा त्यानेच पाजला.
ताईला फोन केला. "म्हणजे बिघाड माझ्यात नाही, तुमच्या नळात?"
"असं वाटतंय."
"वाटतंय काय! इतकं शिकलीस कशाला?"
कितीतरी दिवसांनी दोघी पोटभर हसलो.

१२ मार्च
जुन्या पाण्याचे थेंब वाढवायला ठेवले होते, त्या प्लेटवर जिवाणूंची दाट वस्ती. बघून जीव भांड्यात पडला. जिवाणू बघून खूश होणारी मी पहिलीच असेन. नव्या पाण्याची प्लेट कोरी.

१३ मार्च
मशीन सुरू. ४ तारखेच्या लोकांचे नवे नमुने लावले. एकेक आकडा खाली. एका आजोबांना कळवलं, तर म्हणाले, "पोरी, आज जेवण जाईल." सगळ्यांचे किती उपकार मानू. ताई उद्या येतेय.

१४ मार्च
पाणी स्वच्छ आहे. ताईचा आकडा उतरला नाही. दोनदा लावला.
फोन मीच केला. ताई म्हणाली, "बरं झालं, तुझ्या तोंडून कळलं. स्कॅनला येशील ना गं?"