समासातलं नाव

सोमवार, ३ मार्च

जबडा मोडलाय तिचा! दोन ठिकाणी! माझ्या पाठच्या बहिणीचा. डॉक्टरांनी तारेने बांधलाय, दीड महिना बोलायचं नाही म्हणाले. मारून मेहुणा पळालाय. हात धुऊन, शर्ट बदलून पळाला हरामखोर! तिच्या दोन्ही पोरी आमच्याकडे आहेत. धाकटी जेवताना सारखी दाराकडे बघते.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. "बायबलातलं एखादं स्तोत्र घ्या. रोज थोडी वचनं." आमच्या मंडळीची जुनी रीत — ज्याचा राग आहे त्याचं नाव वचनाशेजारी समासात पेन्सिलीने लिहायचं आणि प्रार्थना करायची. क्षमा केली की खोडायचं. त्यांनी तेविसावं सुचवलं. मेंढपाळ आणि हिरवी कुरणं! मी खाटीक माणूस. एकशे नववं काढलं. शापांचं.

मंगळवार, ४ मार्च

वचन १ ते ५. देवा, गप्प बसू नकोस, असं काहीसं. मीही तेच म्हटलं, जरा मोठ्यानेच. बायको आतून म्हणाली, "त्याला ऐकू येतं हो!"

मेहुण्याचं नाव लिहिलं. इतकं दाबून की कागद फाटला.

बुधवार, ५ मार्च

ठोकळ्यावर सुरा चालला की त्याचीच मान दिसते. गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, तुकडे मागितले होते, खिमा नाही!" सगळे हसले. मीही हसलो. मग दुसरे तुकडे करून दिले.

गुरुवार, ६ मार्च

वचन ६ ते ९. चवीने वाचली. त्याचे दिवस थोडे राहोत — आमेन! लेकरं पोरकी होवोत, बायको विधवा होवो — आमेन! वर बघतो तर थोरली भाची वही घेऊन उभी. "मामा, हे गणित सुटत नाही."

त्याची लेकरं म्हणजे ह्याच की! आणि बायको म्हणजे माझीच बहीण! गणित कसंबसं सोडवून दिलं. चुकलंच असणार.

पण खरं लिहितो. आमेन मागे घेतलं नाही. विधवा झालेली परवडली.

शनिवार, ८ मार्च

मेहुणा सापडला! कामावर जातो त्याच टायरच्या दुकानामागे लपला होता. पिशवीत सुरा होता माझ्या, सकाळीच धार लावलेला. मला बघून गुडघ्यांवर आला. "दादा, माझ्यासाठी प्रार्थना करा." करतोच आहे, म्हटलं, रोज चार वचनं! आणि तोंडावर हाणलं. सुरा पिशवीतच राहिला, का ते माहीत नाही. दोन दात पाडले. तिसऱ्यावर माझं बोट फाटलं. दुकानाच्या मालकाने मला ओढून काढलं. मेहुण्याला पोलीस घेऊन गेले. मला एक पोलीस म्हणाला, "घरी जा, हात बांधून घ्या."

वाईट वाटत नाही. अजून मारायला हवं होतं.

रविवार, ९ मार्च

उपासनेला गेलो नाही. दवाखान्यात बहिणीजवळ बसलो. तिला सगळं सांगितलं, दातांचं तर परत परत. वाटलं, बरं वाटेल तिला. ती भिंतीकडे बघत राहिली.

आधी दोनदा आली होती माझ्याकडे, पोरींना घेऊन, रडत. एकुलता भाऊ मी, दुसरीकडे जाणार कुठे! दोन्ही वेळा मीच समजूत घालून परत पोचवली. देवाने जोडलेलं आपण तोडू नये, म्हणालो. तेव्हा कुठे ठाऊक होतं इतकं मारतो! दंडावरचे वळ दाखवले होते तिने. ते बरे होतात, म्हणालो.

निघताना तिने कागदावर लिहिलं — माझं बायबल घरून आण.

मंगळवार, ११ मार्च

आणलं. देण्याआधी उघडून बघितलं. खूण होती एकशे नवव्यालाच! तीही तेच वाचत होती. मेहुण्याचं नाव कुठेच नाही. सोळावं वचन, ज्याला दया करायचं सुचलंच नाही त्याच्याबद्दलचं. त्याच्याशेजारी पेन्सिलीने — दादा.

दोनदा खोडलंय. तीनदा लिहिलंय.