दोनदा टकटक, मग एकदा

३ मार्च

चौदा महिने इथे एक ओळ लिहिली नाही. वहीची माफी मागणं वेडेपणाचं आहे, तरी मागते. शेवटची नोंद आहे तशीच आहे : ‘उद्या दादाबरोबर बुडालेल्या बोटीपर्यंत. थोडी सर्दी आहे. त्याला सांगायचं नाही, नाहीतर नेणार नाही.’ पुढचं पान कोरं.

आज वहिनी चष्म्याच्या दुकानात आली. मी आतल्या खोलीत यंत्रावर काच घासत होते. ती डाव्या बाजूने आली, म्हणजे माझ्या लेखी आलीच नाही. खांद्यावर हात पडला आणि काच हातातून सुटली. एका आजोबांची, दोन दिवस खपून केलेली.

‘‘दचकता काय, वन्सं? मीच आहे.’’

‘वन्सं’ ती फक्त थट्टेत म्हणते. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा म्हणाली. फरशीवरचे तुकडे गोळा करता करता म्हणाली, ‘‘मी डायव्हिंग शिकले. हसू नकोस.’’ पाच महिने दर रविवारी पोहण्याच्या तलावावर जाते आहे म्हणे. कुणाला पत्ता नाही. मग म्हणाली, ‘‘मला ती जागा बघायची आहे. एकदाच. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर नाही. तू पुढे, मी मागे.’’

मागे दादा असायचा.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘एक कान उरलाय, तोही देऊन ये.’’

रस्त्यात तो आता नेहमी माझ्या उजवीकडून चालतो. भांडताना मात्र डावीकडे सरकतो, म्हणजे शेवटचा शब्द त्याचा आणि मला कळतही नाही. आज उजवीकडेच उभा राहिला. म्हणजे खरोखर घाबरला आहे.

९ मार्च

कानाची तपासणी. काचेची बंद खोली, कानांवर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी रोज लोकांना विचारते, ‘आता स्पष्ट दिसतं का?’ त्यांना परीक्षेला बसल्यासारखं का वाटतं ते आज समजलं. मी फार मन लावून बसले होते. खोटं एकदाही दाबायचं नाही, असं ठरवून.

बाहेर आल्यावर तपासणारी मुलगी म्हणाली, ‘‘ताई, उजवा छान आहे. डाव्याला मात्र तुम्ही आवाज नसतानाच बटण दाबत होतात.’’

‘‘होतं का असं?’’

‘‘होतं की. भास होतो लोकांना. पण तुमचं दर वेळी सारखंच. दोनदा, मग थांबून एकदा. मला वाटलं, कंटाळून खेळताय.’’

तिला हसून दाखवलं. जिन्यात कठडा धरून उभी राहिले.

१० मार्च

काल लिहिता आलं नाही ते लिहिते. इथे तरी.

दोनदा, मग एकदा ही दादाची हाक होती. तो पंप दुरुस्त करायचा. पाण्यात उतरताना एक जुनं पितळी नट मनगटाला बांधायचा आणि पाठीवरच्या हवेच्या टाकीवर वाजवायचा : टक-टक, थांबून टक. म्हणजे वळून बघ. घरी जेवायला बसला की तीच हाक पेल्यावर. वहिनी म्हणायची, ‘‘मी काय पंप आहे?’’ आणि पाण्यात तर कशावरूनही. खेकडा दिसला, टकटक. आणखी एक खेकडा, टकटक. मी वैतागून जायचे.

त्या दिवशी मी पुढे होते. सर्दीने डावा कान मोकळा होईना. जोर केला. आत कापड फाटल्यासारखं झालं, सगळं गरगरलं, मी वर आले. दादा मागोमाग येतोय, असं धरून चालले. तो जुन्या जाळ्यात अडकला होता. बोटीपासून चार हातांवर. सापडला तेव्हा टाकी रिकामी होती, नट मुठीत.

चौकशीत मी सांगितलं, कान गेल्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. सगळ्यांना पटलं. वहिनीने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आज कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘डाव्याचं जे व्हायचं ते झालं. प्रश्न उजव्याचा आहे. खाली दाबाने तोही गेला तर माझ्याकडे औषध नाही. मी सही करणार नाही. हट्टच असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून द्या.’’ फॉर्म दिला.

निघताना सहज विचारावं तसं विचारलं, एका कानाने पाण्याखालची टकटक ऐकू येते का?

‘‘न यायला काय झालं? पाण्यात आवाज हाडातूनही पोचतो. आणि उजवा तर तेव्हाही ठणठणीत होता ना?’’

घरी चालत आले. दोन तास लागले.

१४ मार्च

आज दुकानात डाव्या कानात पुन्हा टकटक आली. एका बाईंना ‘आता स्पष्ट दिसतं का?’ विचारलं आणि त्यांचं उत्तरच ऐकलं नाही. भासच असेल. मेलेल्या कानात आवाज येतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं आहे. ते कुणाचे असतात, ते मी विचारलं नाही.

१७ मार्च

वहिनी म्हणाली, ‘‘समुद्राचं नंतर ठरव. आधी तलावावर ये. तू उथळ भागात नुसतं डोकं बुडव, मी खोल भागात खाली जाऊन त्याचं नट वाजवते. समुद्रात तुला हाक मारायची वेळ आली तर ऐकू येईल की नाही, ते कळायला नको?’’

अगदी सरळ बोलली. मीच तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत बसले. नट तिने चौकशीवाल्यांकडून मागून आणलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. ‘‘उथळ पाण्यात? डोकं बुडवा की खुशाल.’’ ते नको म्हणतील, अशी आशा होती.

मला पाण्यात उतरायची भीती वाटते की ऐकू येण्याची? दोन्ही लिहून बघितलं. दुसरं लिहिताना अक्षर बिघडलं.

२१ मार्च

दुपारचा तलाव रिकामा होता. वहिनी टाकी बांधून खोल भागात गेली. दिसेनाशी झाली, नुसते बुडबुडे. मी कठडा धरला आणि डोकं बुडवलं.

आधी पंपाची घरघर. मग माझंच हृदय. मग ते.

दोनदा. थांबून एकदा. धातूवर धातू, लख्ख. आणि डावीकडून. पाण्यात आवाज कुठून येतो ते कुणालाच कळत नाही, चांगल्या कानांच्या माणसालाही नाही, आणि मला तर चौदा महिने डावी बाजूच नाही. तरी डावीकडून. वहिनी उजवीकडे होती.

श्वास घ्यायला वर यायचे, पुन्हा डोकं बुडवायचे. पाच वेळा मोजलं. सहाव्या वेळी दोनदा वाजलं आणि नंतरचा एक आलाच नाही. वाट पाहिली. छाती फुटायला आली तेव्हा वर आले.

वहिनी वर आली, मुखवटा कपाळावर सरकवला. ‘‘काय गं?’’

‘‘काही ऐकू आलं नाही,’’ मी म्हणाले. तेच वाक्य, त्याच आवाजात. किती सहज येतं!

तिने मूठ उघडली. नट तळव्यात रुतून वळ उठला होता.

‘‘मी वाजवलंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हात उचलेना. वाजवलं असतं आणि तुला ऐकू आलं असतं, तर मी काय करायचं होतं?’’

तिने मला टॉवेल दिला. माझे दात वाजत होते. पाणी कोमट होतं.

२२ मार्च

फॉर्म फाडला. खाली जाणार नाही. नवऱ्याला वाटतं, त्याच्यामुळे. वाटू दे. खरं कारण असं : उजवाही गेला तर मला फक्त ती टकटकच ऐकू येत राहील.

वहिनीला फोन केला. म्हणाली, ‘‘बरं. जागा कुठे पळून जात नाही.’’

कालपासून डाव्या कानात टकटक नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. हाक मारून मारून माणूस दमावा, तशी थांबली आहे. त्या दिवशीही अशीच थांबली होती. दोनदा, आणि मग एक आलाच नाही.

हे वाक्य मी आत्ता लिहिलं. खोडत नाही.

२३ मार्च

उद्या : वहिनीकडे जाऊन सांगायचं. ऐकू आलं होतं. मला वाटलं, खेकडा.