पद्मिनीला मुशीचं तेल

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेट्टीवरून साडेचारला सुटलो. दोन बोटींची इंजिनं, दोन्हीकडे तेच रडगाणं. घरी आलो तर मृणाल पडवीबाहेर गाडीखाली आडवी, नुसते पाय दिसत होते. चोवीस वर्षांची पोर, पॉलिटेक्निकला शिकवते, आणि केसांत ग्रीस. सुमन आतून म्हणाली, "तुमच्याच वळणावर गेली." गेली असेल. मला काय त्याचं वाईट वाटणार आहे?

जुनी पद्मिनी गाडी आता ओळखू येत नाही. गावच्या डॉक्टरांच्या आवारात आंब्याखाली चौदा वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. मृ.ने मागितली, डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडून देऊन टाकली. आता मागची सीट गेली, गाडी चार बोटं उंच झाली, जाड नक्षीचे टायर, पुढे चार गोल दिवे, पोटाखाली बोटीच्या जाड पत्र्याचं चिलखत. डिसेंबरात पालीच्या पुढे सड्यावर, कातळाच्या माळावर, क्लबवाल्यांची रॅली आहे, मातीतली, घड्याळ लावून. मृ. चालवणार. माझा दोस्त गफूर, त्याची लेक नाझनीन शेजारी बसून तिला कागदावरची वळणं वाचून दाखवणार.

माझी अट एकच. गाडी उलटली तर माणसं वाचावीत म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो, तो मी बनवणार. कोल्हापूरहून तयार आणायचा नाही. परक्याच्या वेल्डिंगवर माझी पोर बसवणार नाही, असं सगळ्यांसमोर मोठ्या तोंडाने बोललोय. लिहून ठेवतो.

१८ ऑक्टो.

पिंजऱ्याचे सहा पाय गाडीला जोडले. चार पाय दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यावर येतात, सिल म्हणतात त्याला. दोन मागे चाकांवर. सिलवर वेल्डिंगचा रॉड टेकवला की फडफड, काळा धूर, आणि वास. मृ. म्हणते, "पप्पा, बांगडे तळताय का?" हसलो. वरून वेल्डिंगचा दुसरा थर, दुसरा रन मारला, ग्राइंडरने सारखं केलं. दिसायला झकास.

वास का आला ते मला माहीत होतं. श्रावणात माझे वडील अण्णा आणि मी सिलच्या आत मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल ओतलं. मागच्या पत्र्याच्या घड्यांतही बोळ्याने चोळलं. अण्णांनी जन्मभर होड्या बांधल्या. नारळी पुनवेच्या आधी होडीला मुशीचं तेल पाजायचं, मगच पाण्यात सोडायची. म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यातली वस्तू हाय, तेलाबिगर कशी सोडतंस?" जुना डबा माळ्यावर होताच. पहिला बोळा त्र्याऐंशी वर्षांच्या हाताने त्यांनीच फिरवला. मृ.ने गंज लागू नये म्हणून मेणाचा स्प्रे आणायला सांगितला होता. आणतो म्हटलं. तिला वाटतं आत मेण आहे.

२४ ऑक्टो.

दिवाळी गेली गाडीत. बहीण भाऊबीजेला आली तर ओवाळायला मी गाडीखाली. इंजिन पहिल्या किल्लीला. आवाज असा की शेजारचे बघायला आले.

५ नोव्हेंबर, बुधवार

गफूर लांज्याहून आला. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. आयटीआयला एका बाकावर होतो, तेव्हापासूनची दोस्ती. सकाळपासून खालच्या पत्र्याला रंग लावतोय आणि रंग फाटतोय. ओल्या रंगात गोल गोल खड्डे. घासलं, धुतलं, परत लावलं. परत तेच.

बोट फिरवून नाकाशी नेलं त्याने. "अनंता, पत्र्यात तेल हाय. आत काय घातलंस?"

"काही नाही," म्हटलं.

का म्हटलं? अण्णा समोर खुर्चीत होते म्हणून. मेणाबद्दल मृ.ला समजेल म्हणून. आणि दुसरं, ते त्याच क्षणी डोक्यात शिरलं म्हणून. रंग धरत नाही तिथे वेल्डिंग काय धरलं असेल?

८ नोव्हें.

बोटीची टाकी वेल्ड करायची तर आधी धुऊन वाळवून घ्या, तेलकट पत्र्याला रॉड लावाल तर हात मोडीन, असं तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडणारा मी. आणि घरच्या गाडीत तेल ओतून वर रन मारतो! तेल ही घाण आहे असं मनातच आलं नाही. आमच्यात तेल लावलं म्हणजे काम नीट झालं. तिथेच फसलो.

गफूरने शेवटी कसातरी रंग बसवला. निळा, वर पांढरा पट्टा. मृ. गाडीभोवती फेऱ्या घालतेय. फोटो काढतेय.

१५ नोव्हें., शनि.

क्लबचा तपासनीस आला. तिशीतला, चष्मा, हातात छोटी हातोडी आणि वही. पाइपाची जाडी मोजली, बोल्ट बघितले, पायांवर टकटक केलं. "कुणी बनवलाय?" मी म्हटलं, मी. "सुरेख काम आहे, काका." काचेवर स्टिकर चिकटवला. पास.

सु.ने शिरा केला होता. माझी वाटी अण्णांपुढे सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला दहादा सांगितलं. कदाचित पहिला रन खराब आणि दुसरा पक्का असेल. कदाचित.

१८ नोव्हें.

सड्यावर सराव. मी जांभ्याच्या बांधावर बसलो. लाल धुरळा, त्यातून चार दिवे. ही पोर मासळीचा पिकअप घेऊन आंबा घाट चढायला लागली तेव्हाच कळलं होतं की हात वेगळा आहे. पण हे... एका उंचवट्यावर चारही चाकं सुटली. खाली आपटली तेव्हा "कट्" असं ऐकू आलं मला. पान्यांची पेटी असेल. मृ. म्हणते पेटी घरीच होती. मग जॅक असेल.

नाझनीन उतरली ती हसतच. "काका, तुमचा पिंजरा आहे म्हणून अम्मीने पाठवलं." पाण्याची बाटली दिली.

२२ नोव्हें.

मृ. कॉलेजला. सु. बाजारात. ग्राइंडर काढला. उजव्या पुढच्या पायाचा रंग उडवला, वरचा रन खरवडला.

आत घावनासारखी जाळी.

परत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, निळा रंग मारला, ग्राइंडर जागेवर ठेवला. चोरासारखं. स्वतःच्या अंगणात.

२४ नोव्हें.

जेट्टीवर एका इंजिनात ऑइल न घालताच स्टार्टर मारायला निघालो. बोटीचा तांडेल ओरडला म्हणून वाचलं. घरी सु. ताट सरकवत म्हणाली, "चार दिवस बघतेय. जेवत नाही, बोलत नाही, गाडीकडे गेलात की खोकता." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिला सांगितलं. ती खालीच बसली. मग म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा."

भीती वाटते. गाडी उलटेल याची वाटतेच. पण खरं सांगू? लेकीच्या नजरेतून उतरायची त्याहून जास्त वाटते, आणि हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय.

२५ नोव्हें.

सकाळी चहाला सांगितलं. मृ. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मेण आणलंच नव्हतंत?"

नाही.

"आणि गफूरकाकांनी तोंडावर विचारलं तेव्हा?"

"काही नाही" म्हटलं होतं.

कप विसळून ठेवला तिने. "सहाही पाय कापायचे. आज सुट्टी टाकते." एवढंच. दिवसभर माझ्याशी पाना दे, वायर ओढ, यापलीकडे शब्द नाही.

२६ नोव्हें.

लांज्याला गेलो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. गफूर दुकानापुढे बॉनेट घासत होता. ऐकून घेतलं. पॉलिश पेपर खाली ठेवला.

"मी इचारला होता तुला, अनंता. माझी पोरगी बसनार तितं, नि तू मना काय नाय म्हनालास."

म्हटलं, चुकलं.

"चूक तेलाची न्हवं."

तरी चहा पाजला. तरी म्हणाला, रविवारी येतो. त्याच्या चांगुलपणानेच जास्त मेलो.

३० नोव्हें., रवि.

चार दिवस हेच. सहाही पाय कापले. कॉस्टिकने धुतलं, गॅसची ज्योत फिरवली. पत्रा गरम झाला की घड्यांतून तेल पाझरतं. पुसलं की परत. सगळ्या घराला मच्छी सुकवल्यासारखा वास. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. "तेल मुरायाला लावतात रे. काडायाला लावलेलं मी बगितलं नाय कदी." मग म्हणाले, "माझ्यापायीच झालं." म्हटलं, अण्णा, वेल्डर मी आहे. तुम्ही जेवून घ्या.

नव्या जाड प्लेटी टाकल्या, त्यावर पाय. रन या वेळी शांत गेला. बहुतेक ठिकाणी.

गफूरचं म्हणणं स्पष्ट: अख्खे सिल कापून नवा पत्रा घाला, मागच्या घड्याही. पंधरा दिवस लागतील. रॅली सातला. मृ. म्हणते पुढची रॅली वर्षाने. दोघं माझ्याकडे बघत होते. मी ग्राइंडर पुसत बसलो.

३ डिसेंबर

शाफ्टला चीर आहे का बघायला आम्ही लाल रंग आणि पांढरी पावडर वापरतो. लाल लावायचा, पुसायचा, वर पावडर मारायची. कुठे भोक असेल तर लाल वर येतो. सहाही पायांना मारून बघितलं. पाच स्वच्छ. डावा मागचा: दोन ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. खरवडून परत रन. परत टेस्ट. एक ठिपका.

अजून एकदा. तिथेच. एक.

या वेळी लपवलं नाही. मृ.ला बोलावून दाखवला. वाकून बराच वेळ बघितला तिने.

"एका ठिपक्याने काय होतं, पप्पा?"

टाकीत असेल तर डिझेल गळतं, एवढं सांगता येतं. गाडी उलटून पडली तर काय होतं ते मला माहीत नाही. तसंच सांगितलं.

"नाही पण होणार ना काही?"

नाही पण होणार. बहुतेक नाहीच होणार.

५ डिसें.

गफूरचा फोन. नाझनीन येणार नाही. मागून तिचा रडका, चिडका आवाज येत होता. तो म्हणाला, "तुज्यावर राग नाय. पर ठिपका हाय म्हनालास ना? मग नाय."

मृ. म्हणाली, मी एकटी जाते. क्लबचा नियम, शेजारी माणूस हवाच. मनातल्या मनात हुश्श केलं आणि तिने ते माझ्या चेहऱ्यावर बघितलं.

सु. देवाजवळ उभी होती. काय मागत होती विचारलं नाही.

७ डिसें., रविवार. सडा. सकाळी साडेनऊ.

गाडीच्या बॉनेटवर वही टेकवून लिहितोय. अक्षर वाईट येईल.

आठला पोचलो. येताना पाली सोडल्यावर मृ. म्हणाली, "पप्पा, डावीकडे तुम्ही बसा. नाव बदलायचा फॉर्म भरला की झालं. वळणं कागदावर आहेत, नुसती वाचायची."

"मी?"

"पिंजरा तुम्हीच केलाय ना?"

टोमणा नव्हता तो. साधं विचारलं तिने.

बसतो म्हटलं. आणि खरंच बरं वाटलं, दोन मिनिटं. जे होईल ते दोघांचं होईल. मला स्वतःची भीती अजिबात नाही. मग लक्षात आलं, मी शेजारी बसल्याने तो पाय काही पक्का होत नाही. फक्त मला बघत बसावं लागणार नाही.

आणखी एक. काचेवर तो पासचा स्टिकर अजून आहे. स्टिकर लावल्यानंतर आम्ही सहाही पाय कापले हे क्लबात कुणालाच माहीत नाही. मृ.ला हे सुचलं नसेल असं नाही. मलाही सुचलं होतं.

फॉर्म भरला. सही केली. नाझनीनचं हेल्मेट मला घट्ट होतं, क्लबवाल्यांनी दुसरं दिलं. ते काखेत धरून गाडीकडे न जाता तपासनिसाच्या तंबूकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. तेल, जाळी, कापलेले पाय, ठिपका. त्याने चष्मा काढून पुसला. "काका, हे आत्ता सांगताय?" हो, आत्ता.

तो आलाय. बॅटरी घेऊन मागच्या बाजूने आत वाकलाय, डाव्या पायापाशी. निकालावर सहीसाठी क्लबच्या अजून एकाला बोलावलंय. गाडी सोडायची की नाही ते पंधरा मिनिटांत सांगतो म्हणाला.

मृ. गाडीपासून दोन हात लांब उभी आहे, हातमोजे घालून. एकदाच विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"सगळं."

मान फिरवली. रडतेय की धुरळ्याने डोळे चोळतेय, इथून कळत नाही. जवळ जायचं धाडस होत नाही.

पहिली गाडी सुटली. आमचा नंबर अकरावा.